भांडे आणि पात्र

नाशिकचा भांडी बाजार गोदावरीच्या काठापासून फार दूर नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा पाणी या बाजारात शिरले. नदीने आपले पात्र सोडले आणि ती भांड्यांच्या दुकानांत आली, असे त्याचे वर्णन मराठीत सहज करता येते. या वाक्यातील 'पात्र' आणि 'भांडे' ही मुळात एकाच वस्तूची दोन नावे होत. परंतु मराठीने त्यांना दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसविले आहे. आपल्या धर्मभाषेच्या दृष्टीने हा भेद तपासून पाहण्याजोगा आहे.

'भांडे' हा शब्द संस्कृत 'भाण्ड' वरून आला. त्याचा अर्थ तांब्या-पातेले एवढाच नव्हता. विक्रीचा माल असाही होता. म्हणून माल साठविण्याची जागा ते 'भांडार' आणि व्यापाराचे मूळ धन ते 'भांडवल'. इंग्रजीतील 'वेअर' या शब्दाची वाटचालही अशीच आहे. माल आणि मातीची भांडी येथून निघून तो हार्डवेअरच्या दुकानात व पुढे संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पोहोचला. मराठीत मात्र 'भांडे' स्वयंपाकघरातच अधिक रमले. तेथे भांड्याला भांडे लागते आणि संसारातील कुरबुर आपण तेवढ्यावर सोडून देतो. ताकाला जाऊन भांडे लपविणारा संकोची माणूस तेथेच भेटतो, आणि संकट टळले की आपला जीवही भांड्यातच पडतो.

'पात्र' हा शब्द 'पा' म्हणजे पिणे या धातूपासून बनला. ज्यातून प्यावयाचे ते पात्र. पुढे ज्याला द्यावे असा योग्य मनुष्य तो पात्र ठरला. 'सत्पात्री दान' व 'पात्रता' हे शब्द त्यातूनच आले. भांडे घासले जाते, पात्र पूजिले जाते. भांडे कोणाचेही असते. पात्र होण्यासाठी लायकी लागते.

आता बायबल सोसायटीचे प्रचलित मराठी बायबल उघडून पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात प्रभू हनन्याला सांगतो की, शौल हे आपण निवडलेले 'पात्र' आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तोच शौल, म्हणजे संत पौल, आपली संपत्ती मातीच्या 'भांड्यात' असल्याचे सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी 'स्केउओस' हा एकच शब्द आहे. लातिन बायबलातही दोन्हीकडे 'वास' हाच शब्द येतो आणि लोरेटोच्या लितानीत पवित्र मारियेला तीन वेळा संबोधितो तोही हाच. मराठीत मात्र निवड झाली ती पात्राची आणि माती राहिली ती भांड्याची. निवडलेला तो आणि मातीचा तो, दोघे एकच, हे वाचकाच्या ध्यानात येत नाही.

अनुवादकाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. 'निवडलेले भांडे' म्हटले असते तर कानाला ते विनोदीच वाटले असते. परंतु 'पात्र' शब्दाबरोबर पात्रतेची कल्पना चोरपावलांनी आत येते, आणि त्या प्रसंगाचा सारा अर्थ तर नेमका तिच्या विरुद्ध आहे. शौल ख्रिस्तसभेचा छळ करीत होता. हनन्याने त्याच्याविषयी हरकत घेतली, ती तो अपात्र आहे म्हणूनच. देवाने त्याला लायकी पाहून निवडले नाही. निवडले आणि मग भरले.

ही केवळ शब्दांची चर्चा नव्हे. धर्मग्रामात वाचन कोणी करावे, समितीवर कोणी बसावे, कोणाच्या मुलाने वेदीसेवक व्हावे, हे ठरविताना आपण 'पात्र' हा शब्द किती सहज वापरतो! घरोघरची धुणीभांडी करून रविवारी शेवटच्या बाकावर बसणारी बाई त्या यादीत क्वचितच असते. म्हणून सुचवावेसे वाटते ते एवढेच: कृत्यांतील हा उतारा मिस्सामध्ये वाचला जाईल, तेव्हा प्रवचनकाराने त्याच्या जोडीला करिंथकरांच्या पत्रातील ती ओळ आवर्जून ठेवावी. पात्र आणि भांडे एकाच मातीचे आहेत, हे त्या बाईच्याही कानावर पडावे आणि यादी करणाऱ्यांच्याही.