नेत्र आणि गवाक्ष : एका रूपकाची तौलनिक चिकित्सा

डोळे म्हणजे आत्म्याच्या खिडक्या, हे रूपक सार्वत्रिक असल्याचे तौलनिक विवेचनात पुष्कळदा गृहीत धरले जाते. त्यात खिडकीतून आत डोकावणारा प्रेक्षकही गृहीत असतो. शब्दांची व शरीररचनेची साक्ष मात्र वेगळी आहे.

भाषेत या संबंधाची दिशा बहुधा उलटी आढळते. डोळ्याला खिडकीचे नाव मिळालेले नसून खिडकीला डोळ्याचे मिळाले आहे. संस्कृत 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. वर्तुळाकार खिडकीचे फ्रेंच नावही नेमके याच अर्थाचे आहे. इंग्रजी 'विंडो' प्राचीन नॉर्समधील 'वाऱ्याचा डोळा' या समासातून आला, तर रशियन 'ओक्नो' 'ओको' म्हणजे डोळा यापासून. 'वातायन' व तमिळ 'कालदर्' या दोहोंचा अर्थ वाऱ्याची वाट. 'सिलप्पदिकारम्'मध्ये पुहार नगरीतील प्रासादांची अशी वातायने हरिणाच्या डोळ्यांसारखी वर्णिली आहेत. 'अक्षि' आणि 'ओको' यांचे मूळ एक असले, तरी हे समास निरनिराळ्या रीतीने घडले आहेत. शिवाय तमिळ हे वेगळ्या कुळाचे. त्यामुळे केवळ सामायिक वारशाने या साम्याचा उलगडा होत नाही. तावदानापूर्वीच्या घरात वारा, उजेड आणि नजर यांना एकच लहान छिद्र होते, हा वास्तूचा अनुभव अधिक निर्णायक वाटतो.

सिसेरोने इ.स.पू. ४५ मधील 'टस्क्युलन' संवादांत इंद्रियांना मनाच्या जणू खिडक्या म्हटले. परंतु तेथे डोळ्यांबरोबर कानही आहेत, आणि पाहणारे मन आत बसून बाहेर पाहते. भगवद्गीतेतील (५.१३) देह नऊ द्वारांचे नगर आहे. भागवताच्या चतुर्थ स्कंधातील पुरंजनाख्यानात डोळ्यांची द्वारे 'खद्योता' व 'आविर्मुखी' या नावांनी येतात आणि पुरंजन त्यांतून बाहेर जातो. खिडकी आणि दार हा भेद खरा. पण दोन्हीकडे गती आतून बाहेर आहे. मराठी 'खिडकी'च्या मुळाशीही लहान दाराचाच अर्थ आहे, हे येथे लक्षणीय ठरते.

शरीरशास्त्र या चिकित्सेला पुष्टी देते. डोळ्याचे पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे आणि पारदर्शक असते. तरीही बाहुली काळी दिसते. आतून परतणारा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने जातो, आणि तेथे पाहणाऱ्याचे डोके आड येते. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये नेत्रदर्शी प्रसिद्ध केल्यानंतरच जिवंत डोळ्याचा अंतर्भाग वैद्याला नीट न्याहाळता येऊ लागला. तत्पूर्वी दुसऱ्याच्या डोळ्यात जे दिसे, ते पारपटलावरील स्वतःचेच चिमुकले प्रतिबिंब. म्हणूनच ग्रीक 'कोरे', लॅटिन 'प्युपिला', संस्कृत 'कनीनिका' आणि मराठी 'बाहुली' या शब्दांत मुलगी वा बाहुली वावरते. लॅटिन शारीरसंज्ञांनी 'खिडकी' हे नाव दिले ते मात्र अंतःकर्णाच्या दोन छिद्रांना.

तेव्हा पात्राच्या डोळ्यांचे वर्णन समोर येताच त्यातून त्याचे मन वाचू पाहणाऱ्या समीक्षेने आधी एक प्रश्न विचारावा : त्या कृतीच्या परंपरेत डोळा बाहेर जाण्याचे दार आहे, बाहेर पाहण्याची खिडकी आहे, की पाहणाऱ्यालाच परत दाखवणारा आरसा? हे तिन्ही एका 'खिडकी'त कोंबले, तर तुलना सोपी होते. पण जिची तुलना करावयाची ती गोष्टच हातची जाते.