शब्दाने कुठे थांबावं?

ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ साली आलं. नर्मदेच्या धरणाचा वाद त्यांनी एका पत्रकाराची भटकंती आणि आदिवासी गायकाची सृष्टिकथा अशा दुहेरी धाग्यात मांडला. तेव्हापासून तीस वर्षांत भारतीय ग्राफिक नॉव्हेलने रेषेत बरीच मजल मारली. लेखनात मात्र ती अडखळते, आणि लेखकाने शिकावं असं बरंचसं त्या अडखळण्यातच आहे.

आपल्या बहुतेकांचं वाचन ‘अमर चित्रकथा’वर पोसलेलं. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या या मालिकेत राजा संतापला की वर ओळ ‘राजा संतापला’, खाली लालबुंद चेहरा आणि संवादाच्या फुग्यातही संतापच. मुलांसाठी ही उजळणी सोयीची. मोठ्यांच्या पुस्तकात ती वाचकावरचा अविश्वास ठरते. चित्रात दिसतं ते शब्दाने पुन्हा सांगू नये, हा पहिला धडा.

आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ (१९९२चा विशेष पुलित्झर) तो कसोशीने पाळतं. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, हे चित्रानेच सांगून टाकल्यावर शब्दांकडे उरते ती लेखकाच्या बापाची मोडकी इंग्रजी आणि त्याचा चिकटपणा. छळछावणीतून वाचलेला हा माणूस मुलाला नकोसा होतो, आणि लेखक ते झाकत नाही. बापाच्या मुलाखती घेणारा मुलगाही चौकटीत दिसतो. त्यामुळे कोण सांगतंय आणि कोणाला, हे आपण विसरत नाही.

आपल्याकडे या कसोटीला सर्वांत रंजकपणे सामोरं जातं ते डॉ. आंबेडकरांवरचं ‘भीमायन’ (२०११). दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काटकोनी चौकटीच नाकारल्या; गोंड भिंतींवरच्या ‘दिग्ना’च्या वळणांनी पानं विभागली. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, तर जातीचं विष ओकणाऱ्या फुग्याला विंचवाची नांगी असते. ‘तो कुत्सितपणे म्हणाला’ लिहिण्याची गरजच उरत नाही. मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमाला गाडीवान नाकारतात, तो प्रसंग म्हणूनच अंगावर येतो. पण श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या संहितेत बसथांब्यावर आरक्षणाची चर्चा सुरू झाली, की पुस्तक शिकवणीच्या वर्गात जाऊन बसतं. चित्रांनी जे पटवलेलं असतं, तेच पात्रं पुन्हा पटवू लागतात.

अमृता पाटील यांच्या ‘कारी’ची (२००८) अडचण वेगळी. मुंबईच्या गटारात पडून जगलेल्या नायिकेचं काव्यमय स्वगत सुंदर आहे, पण काही पानांवर ते इतकं दाटतं की चित्राला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

मराठीत मोठ्यांसाठी ग्राफिक नॉव्हेल अजून रुजलेली नाही. परंपरेचा अभाव हे त्याचं कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथीकार एकेक चित्र पुढे धरून गात आले आहेत. दाखवायचं काय आणि गायचं काय, याची वाटणी त्यांना ठाऊक आहे. आपल्या लेखकाला सवय आहे ती पूर्ण लिहून झाल्यावर चित्रं मागवण्याची. चित्रकार पहिल्या खर्ड्यापासून सोबत असेल आणि त्याने रेखाटलेल्या पानावरून स्वतःचीच वाक्यं खोडण्याची तयारी लेखक दाखवेल, तरच हा प्रकार मराठीत उभा राहील. नुसतं गद्य लिहिणाऱ्यालाही हा सराव कामाचा आहे: प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिल्यावर त्यावर भाष्य करणारी पुढची ओळ बहुधा काढून टाकता येते.