भोवरा घोड्याच्या कपाळावर, गुण माणसाच्या वहीत

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जनावराचे दात, पाय, चाल बघतात, तसे भोवरेही बघतात. मानेवर देवमण असलं की भाव चढतो. डोळ्याखाली भोवरा असला की तो आसूढाळ, आणि गिऱ्हाईक मागे सरकतं. ही समजूत आजकालची नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, घोड्याच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात आवर्त कुठे चांगले, कुठे वाईट हे दिलेलं आहे.

आमच्या बोरी अरबच्या नावात अरब असला, तरी गावात घोडा दिसतो तो वरातीत. पण भोवऱ्याची भाषा इकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही, कारण गोऱ्हा विकत घेतानाही नजर तिथे जातेच. त्यामुळे 'भोवऱ्यावरून जनावराचा स्वभाव कळतो हे सायन्सने प्रूव्ह केलंय' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. आजीचं म्हणणं खरं निघालं, वर पेपरही हाताशी. या लेखात मला ते पेपर जरा उलटसुलट करून बघायचे आहेत. ते टाकाऊ नाहीत, उलट चांगले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ आहे.

या चर्चेत सगळ्यात जास्त नाव निघतं ते टेम्पल ग्रँडिन आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या पेपरचं. विषय घोडे नव्हे, गुरं. गुरांना शिकंज्यात अडकवल्यावर ती किती धडपडतात याला गुण दिले. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं जास्त धडपडली. यामागची कल्पना अशी: केसांचा भोवरा गर्भात असतानाच ठरतो, आणि त्वचा व मेंदू दोन्ही गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरापासून बनतात. मग एकाची खूण दुसऱ्याबद्दल काही सांगत असेल, तर नवल नाही. घोड्यांवरचं काम पोलंडमधलं. गोरेत्स्का आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कोनिक जातीच्या घोड्यांवर ते केलं. उंच भोवऱ्याचे घोडे हाताळायला जास्त अवघड निघाले, आणि लांबट किंवा दुहेरी भोवऱ्याच्या घोड्यांनी अनोळखी वस्तूजवळ जायला जास्त वेळ घेतला.

इथे आपल्यातले बरेच जण एक उडी मारतात. भोवरा जन्माआधी ठरतो, शिक्षणाने तो बदलत नाही, म्हणजे स्वभावामुळे भोवरा होणं शक्य नाही. मग कार्यकारणाची दिशा पक्की झाली, कोरिलेशनवाली नेहमीची शंका इथे लागूच होत नाही! ऐकायला बिनतोड वाटतं. पण भोवऱ्यापासून वागणुकीपर्यंत जाणारा रस्ता फक्त मेंदूतूनच जातो असं कुणी सांगितलं? भोवरा दिसतो. ज्याला तो दिसतो त्याच्याच हातात लगाम असतो. हा दुसरा रस्ता डोळा, मत आणि हात यांतून जातो, आणि तोही भोवऱ्याकडून वागणुकीकडेच जातो. डेटात दोन्ही रस्ते अगदी सारखे दिसतील.

दुसरा रस्ता किती खरा आहे, हे शिंगराला शिकवतात कसं ते पाहिलं की कळतं. लगामाचं शिक्षण दाब देण्यावर कमी आणि दाब सोडण्यावर जास्त चालतं. चाबूकस्वार लगाम ओढतो, शिंगरू थांबतं, आणि त्याच क्षणी हात सैल व्हायला हवा. तो सैल होणं म्हणजेच शिंगराला मिळालेलं 'बरोबर' हे उत्तर. आता समजा चाबूकस्वाराला आधीच सांगितलंय की हे आसूढाळ आहे, सांभाळून. तो लगाम आवळूनच धरणार. शिंगरू थांबलं तरी हात उशिरा सुटणार, म्हणजे बरोबर वागून शिंगराला काही मिळालं नाही. उलट त्याने मान झटकली, की घाबरून हात नेमका तेव्हाच सुटणार. मान झटकली की सुटका होते, हे ते शिकलं. दोन महिन्यांनी सगळे म्हणणार, बघा, आम्ही म्हणालो नव्हतो? गोऱ्ह्याचंही तेच. त्याला जुन्या बैलासोबत जुंपून हळूहळू सवय लावतात, पण 'हा मारका निघणार' असा शिक्का एकदा बसला की पहिल्या दिवसापासून पराणी जास्त टोचते.

ही नुसती शंका नाही. १९६३ मध्ये रोझेंथाल आणि फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. काहींना सांगितलं तुमचे उंदीर हुशार वाणाचे, काहींना सांगितलं मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात उंदीर सारखेच होते, शिक्के चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेले. तरी 'हुशार' उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले, आणि ते ज्यांच्याकडे होते त्या विद्यार्थ्यांनी आपण त्यांना जास्त मायेने हाताळल्याचं सांगितलं. घोड्यांतलं उदाहरण तर त्याहून जुनं. बर्लिनचा 'हुशार हान्स' खुराने ठोके देऊन गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्सचंही चुकतं. तो समोरच्या माणसाच्या अंगातला बारीक ताण आणि तो ताण सुटणं वाचत होता. हान्सची गोष्ट मेथडॉलॉजीच्या प्रत्येक वर्गात सांगतात, हसतात आणि विसरतात.

मला त्यापेक्षा स्वीडनमधला किलिंग आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग जास्त आवडतो, कारण त्यात फसवणूक इतकी साधी आहे. माणसांनी घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, चार वेळा. चौथ्या फेरीआधी सांगितलं, या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्याला माहीत होता तो फक्त लगाम धरणारा माणूस. 'छत्री'च्या जागी 'आसूढाळ' ठेवून बघा.

आता पेपरांकडे परत. 'हाताळायला अवघड' हा आकडा घोड्याचा आहे का? माझ्या मते तो घोडा आणि माणूस या जोडीचा आहे, आणि टेबलात मात्र तो एकट्या घोड्याच्या नावावर लिहिला जातो. अनोळखी वस्तूजवळ जायला किती वेळ लागला, हे माप त्यामानाने स्वच्छ, कारण घड्याळाला भोवरा दिसत नाही. म्हणून एकाच पेपरातल्या या दोन निष्कर्षांना मी सारखं वजन देणार नाही. ग्रँडिनचा निष्कर्ष माझ्या टीकेतून बऱ्यापैकी सुटतो, कारण शेकड्यांनी गुरं ठेवणाऱ्या ठिकाणी कुणी एकेकाचा भोवरा बघून त्याला वाढवत नाही. तिथे प्रश्न राखणाऱ्यापेक्षा गुण देणाऱ्याचा. भोवरा आणि धडपड दोन्ही एकाच डोक्याकडे बघून नोंदवायच्या असतात. तेव्हा असा कुठलाही पेपर वाचताना निष्कर्षाआधी मेथड्समध्ये जा आणि कोणी काय नोंदवलं ते शोधा. (आणि सरासरीत फरक आला म्हणजे समोरचं एक शिंगरू ओळखता आलं असं नव्हे, हे तर तुम्हाला माहीतच आहे.)

मग असा अभ्यास आपल्याकडे करायचा तर कसा? चाचणीच्या दिवशी घोड्याच्या कपाळावर कापडी पट्टी बांधणं सोपं आहे. भोवऱ्याचे फोटो एकाने आधीच काढायचे, गुण दुसऱ्याने द्यायचे. पण यात एक मोठं भोक राहतं. पट्टी चाचणीच्या दिवशी बांधली, शिंगरू मात्र दोन-अडीच वर्षं उघड्या कपाळाने, उघड्या मानेने वाढलं. मालकाने भोवरा जन्माच्या दिवशीच पाहिला. चाचणीतला परीक्षक आंधळा ठेवून त्या दोन वर्षांचं शिक्षण पुसलं जात नाही. शिवाय वाईट शिक्क्याचं शिंगरू स्वस्तात जातं, म्हणजे ते कुणाच्या दावणीला गेलं, त्याला किती चारा आणि किती वेळ मिळाला, हेही वेगळं.

इथे सारंगखेड्यासारखा बाजार युरोपातल्या तबेल्यापेक्षा उपयोगी ठरू शकतो, कारण आपल्याकडे भोवरा मानणारे आणि न मानणारे दोन्ही सापडतात. भोवऱ्याचा परिणाम मेंदूतून येत असेल, तर तो दोन्ही गटांच्या घोड्यांत साधारण सारखा दिसायला हवा. तो माणसाच्या हातातून येत असेल, तर मानणाऱ्यांच्या घोड्यांत ठळक आणि न मानणाऱ्यांत फिका दिसेल. त्यातही देवमण आणि आसूढाळ यांचा अर्थ परंपरेने ठरवलेला आहे, आणि पेपरांतला 'डोळ्यांच्या रेषेच्या वर' हा निकष त्याहून निराळा. दोन्ही वेगवेगळे नोंदवले तर कुठला निकष वागणुकीशी जुळतो हेही कळेल. परंपरेचा निकष फक्त मानणाऱ्यांकडेच जुळला, तर उत्तर जवळजवळ हातात आलं. प्रपोजल लिहिणाऱ्या कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर जरूर घ्या. डेटाशीटमध्ये घोड्याचं वय, भोवऱ्याची जागा, चाचणीचे गुण यांच्या शेजारी एक रकाना मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: राखणाऱ्याला या भोवऱ्याचा अर्थ माहीत आहे का, आणि तो त्याला मानतो का. हा प्रश्न चाचणी झाल्यावर विचारा. आधी विचारलात तर त्याचं लक्ष तुम्हीच तिकडे वळवाल.