पुलमनचे जुने डबे व ‘मूळ’ शब्दाचा अर्थ

अमेरिकेंत आगगाडीचे जुने उतारूडबे खासगी गृहस्थ विकत घेऊन बाळगतात, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण ज्यांच्या घरीं पोथ्यांचे रुमाल आहेत त्यांनीं हंसूं नये. हे मालक आपला डबा ‘अगदीं मूळ स्थितींतला’ असें अभिमानानें सांगतात. त्या ‘मूळ’ शब्दाचीच येथें छाननी करावयाची आहे.

‘फर्डिनंड मॅगेलन’ हा डबा घेऊं. पुलमन कंपनीनें १९२८-२९ च्या सुमारास भूप्रवाशांच्या नांवांनीं जे खासगी डबे बांधले त्यांपैकीं हा एक. १९४२ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठीं त्याची पुनर्रचना झाली. पांच शयनगृहांचीं चार झालीं, अंगास ५/८ इंच जाडीचें पोलादी कवच चढलें, खिडक्यांस ३ इंच जाडीची गोळी न भेदणारी कांच बसली, आणि वजन २,८५,००० पौंडांवर गेलें. आतां यांत मूळ पाठ कोणता व क्षेपक कोणतें? शास्त्रदृष्ट्या १९४२ चें सारें काम क्षेपकच. तथापि तें खरडून कोणीं १९२८ चा डबा ‘सिद्ध’ केला असता, तर ज्याच्या मागील सज्ज्यांत उभे राहून ट्रूमन यांनीं नोव्हेंबर १९४८ मध्यें सेंट लुई येथें आपल्याच पराभवाची खोटी वार्ता देणारें वर्तमानपत्र हंसत उंच धरलें, तो डबा उरला नसता. १९५९ मध्यें तो फ्लॉरिडांतील गोल्ड कोस्ट रेल्वे संग्रहालयाकडे गेला, तो कवचासह, हें सुदैवच.

चालत्या डब्यांची गोष्ट निराळी. १९७१ पासून उतारूंची दूरची वाहतूक करणारी ॲमट्रॅक संस्था खासगी डबे भाडें घेऊन आपल्या गाड्यांस जोडते. २०१८ सालीं तिनें यावर कडक निर्बंध घातले, व मालकवर्गांत मोठी ओरड झाली. जोडावयाचें तर तिचे नियम पाळलेच पाहिजेत. पूर्वीं ऊब मिळे ती इंजिनाच्या वाफेची. आतां सबंध गाडीस ४८० व्होल्टची वीज पुरवितात, म्हणून वाफेच्या नळ्या जाऊन विजेचें सामान येतें. शौचकूपाची घाण रुळांवर पडे, तेथें टांकी बसते. मालक म्हणतात, चालतो तोच डबा जिवंत. उघड्यावर पावसांत गंजणारे डबे पाहिले म्हणजे हें म्हणणें आम्हांसही पटतें. परंतु पोथीचा लेखक चुकल्या अक्षरावर हरताळ लावी, ती पिवळी खूण आज दिसते. डबा दुरुस्त करणारा मात्र नव्या फळीस जुना रंग देतो आणि काढलेली नळी भंगारांत घालतो. अशा डब्यास ‘मूळ’ म्हणणें म्हणजे संशोधकास फसविणें होय.

पुलमन कंपनीचें दप्तर शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयांत आहे. डबा कंपनीकडे होता तोंवरची हकीकत तेथें शोधतां येईल. पुढची हकीकत मालकाच्या कपाटांत, आणि कपाटांतील कागदांचें काय होतें हें राजवाड्यांच्या मागून दप्तरें हुडकणाऱ्या मंडळींस सांगावयास नको. तेव्हां प्रत्येक मालकानें बदलांची तारीखवार यादी करावी, काढलेले भाग जपावे, विक्रीच्या वेळीं तीं दोन्ही डब्याबरोबर द्यावीं, आणि यादीची एक नक्कल सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवावी.