वाड्यातला ट्रॅक्टर

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ म्हटलं की लोक हळवे होतात. जुना वाडा, एकत्र कुटुंब, गेलेले दिवस! मला हा हळवेपणा नाटकावर अन्याय करणारा वाटतो.

एलकुंचवारांचा जन्म १९३९चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. नागपुरात ते इंग्रजी शिकवत. १९६७मध्ये ‘सत्यकथे’त त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका आली. ती वाचून विजया मेहतांनी त्यांच्या एकांकिका रंगभूमीवर आणल्या. पुढची ‘गार्बो’, ‘वासनाकांड’, ‘पार्टी’ ही नाटकं शहरी, एकमेकांना ओरबाडणाऱ्या माणसांची. मग १९८५मध्ये ‘वाडा’ आला आणि लेखक वऱ्हाडातल्या धरणगावात, देशपांड्यांच्या घरात परतला.

जागा बदलली, नजर तीच राहिली. तात्याजी वारलेत. घरात पैसा नाही, तरी तेरवी मात्र इतमामात व्हायला हवी. वाड्यापुढे बंद ट्रॅक्टर गंजतोय. प्रभाला शिकायचं होतं, घरानं शिकू दिलं नाही. चंदू दिवसभर राबतो, त्याला कुणी मोजत नाही. सगळ्यांचा जीव अडकलाय तो सोन्यात, आणि रंजू शेवटी तेच घेऊन पळते. वाडा नुसता काळाच्या ओघात पडत नाही. आतल्याच माणसांची आयुष्यं वापरून तो इतके दिवस उभा होता, हे नाटक आपल्याला दाखवतं.

एक गोष्ट मात्र खटकते. या घराचं शेत ज्यांनी कसलं, ते रंगमंचावर येत नाहीत. म्हणून बुलढाण्याच्या वाचकानं या नाटकाशेजारी आपल्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ठेवावी. वाडा-त्रयीतल्या ‘युगान्त’ला २००२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ‘बारोमास’ला २००४चा. ‘बारोमास’मधला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरी नाही आणि शेती परवडत नाही. इथे मालकही तोच, राबणाराही तोच. ‘युगान्त’मधला दुष्काळ वाड्याच्या आतून दिसतो, ‘बारोमास’मधली नापिकी थेट बांधावरून.

तरी एलकुंचवारांचं मोठेपण कमी होत नाही. आपल्याच थरातल्या घराकडे इतक्या कठोरपणे पाहणं सोपं नसतं. कर्ज काढून तेरवी घालणारी आणि मुलीच्या फीला पैसे नाहीत म्हणणारी घरं आजही आपल्या ओळखीची आहेत. त्यांना वाडा असावाच लागतो असं नाही. म्हणून नाटक वाचताना वाड्यापेक्षा प्रभाकडे लक्ष ठेवा.