आयरिश लोकचिकित्सेच्या नोंदी : उपचार आणि अधिकार

आयर्लंडमधील लोकचिकित्सेच्या अभ्यासात दोन संग्रहांची तुलना उद्बोधक ठरते. पहिला, लेडी वाइल्ड यांचा १८८७ साली प्रसिद्ध झालेला आख्यायिका, मंत्र व लोकसमजुती यांविषयीचा ग्रंथ. दुसरा, आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात २६ काउंट्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांच्या साहाय्याने सिद्ध केलेला संग्रह. पहिल्यात शैलीचे लालित्य आहे. परंतु उपचार कोणी व कोठे सांगितला हे बहुधा कळत नाही. दुसऱ्यात मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरविल्या असून सांगणाराचे नाव व गाव पुष्कळदा दिलेले आहे.

हा भेद केवळ संपादनपद्धतीचा नव्हे. गालगुंड झालेल्या मुलाच्या डोक्यात गाढवाची म्होरकी घालून त्याला पाण्यावर नेणे, डांग्या खोकल्यावर पांढऱ्या घोड्याच्या स्वाराला उपाय विचारून तो सांगेल ते करणे, पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्याने तोंड आलेल्या बालकाच्या मुखात फुंकर घालणे, या उपचारांत औषधी द्रव्य नाहीच. सातव्या मुलाचा सातवा मुलगा, किंवा विवाहानंतरही माहेरचेच आडनाव राहिलेली स्त्री, यांच्यापाशी ‘उपचार असतो’, असे तेथील लोक म्हणतात. उपचार हा येथे अधिकार होय. म्हणून या सामग्रीला ‘आजीबाईचा बटवा’ म्हणणे फसवे आहे. ‘हातगुण’ हा शब्द अधिक जवळचा; तथापि हातगुण अनुभवाने ठरतो, तर हा अधिकार जन्माने वा विवाहाने आधीच ठरलेला असतो. सांगणाराचे नावगाव गाळले की या अधिकाराचा धागाच तुटतो.

शालेय संग्रहही निर्दोष नाही. आयोगाने पुरविलेल्या विषयसूचीमुळे अनेक नोंदी ‘अमुक व्याधीवर अमुक उपाय’ अशा याद्या बनल्या. गुण न आल्यास लोक त्याचा अर्थ कसा लावीत, हे अशा यादीतून समजत नाही.

फर्मॅना काउंटीतील बोहो येथील माती लोक औषधी मानीत. तीत प्रतिजैविक गुणाचे जिवाणू आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. हा शोध मोलाचा खराच. परंतु हीच एकमेव कसोटी मानल्यास म्होरकीचा उपचार निव्वळ भाबडेपणा ठरेल, आणि आजाऱ्याभोवती गाव कसे उभे राहत असे, हा या संग्रहांतील खरा विषय अभ्यासकाच्या हातून निसटेल.