उजवा की डावखुरा?

यवतमाळच्या समता मैदानापासून पुसद-दिग्रसच्या गावकुसापर्यंत कुठेही कबड्डीचे खुले सामने भरले, की चौकांत लागणाऱ्या फलकांवर देणगीदारांच्या छायाचित्रांची मुबलक गर्दी असते, बक्षिसांचा तपशील ठळक अक्षरांत असतो, आणि ज्या खेळासाठी हा खटाटोप त्याची कुठूनशी उचललेली आकृती उरल्या कोपऱ्यात अंग चोरून उभी असते. बोधचिन्हाच्या कलेची आपल्याकडील तूर्तची कैफियत ही एवढीच.

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे, १९६९ च्या हंगामात प्रचारात आलेले चिन्ह जेरी डायर यांचे. निळ्या व तांबड्या रंगांमध्ये कोऱ्या सोडलेल्या जागेतून फलंदाज प्रकट होतो. पण तो उजवा की डावखुरा, हे कितीही न्याहाळले तरी मुकरर होत नाही, कारण ज्या रेघांवरून छाती आणि पाठ निराळी ओळखावी त्या रेघाच चित्रकाराने गाळल्या आहेत. हा फलंदाज म्हणजे बेसबॉलपटू हार्मन किलब्रूच, अशी समजूत पसरली तेव्हा डायर यांनी तिचा इन्कार केला. त्याच सुमारास ॲलन सीगल यांनी तिथल्याच बास्केटबॉल संघटनेसाठी केलेल्या चिन्हाला मात्र जेरी वेस्ट या खेळाडूच्या छायाचित्राचा आधार होता, आणि ते त्यांनी सांगूनही टाकले. संघटनेने ती गोष्ट अधिकृतपणे कधी कबूल केली नाही, हे कलेच्या हिताचेच झाले, कारण नाव जोडले की चिन्हाचे व्यक्तिचित्र होते. २००८ पासूनच्या आपल्या आयपीएलचा बिनचेहऱ्याचा फलंदाज ह्याच घराण्यातला; त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

परंतु एकट्या वीराची ही रीत कबड्डीला जशीच्या तशी लावणे हा मला मूळ दोष वाटतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, त्याचे मर्म एका देहावर दुसऱ्याची पकड बसण्यात आहे. चढाईपटू पालथा पडला आहे, घोटा दोघांनी जखडला आहे, बोटे मध्यरेषेकडे ताणली आहेत. दम टिकून बोट रेषेपलीकडे टेकले तर पकडणारे बाद, नाही तर तो स्वतः. पंचाच्या शिट्टीपूर्वीची ही संदिग्धता चिन्हाला आयती लाभली असता, आमचे फलक हवेत झेपावलेला, सुटलेला, जणू जिंकलेलाच गडी छापतात, आणि त्याला धरणारे कोणी दिसतच नाही!

एकमेकांत गुंतलेले देह एका आकृतीत कसे दाखवावेत, हा प्रश्न शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, फलकांवरील जुन्या धाटणीच्या रंगकामात सुटलेला दिसतो. बाजूने पाहिलेली जोडी काळ्या छायेत भरली की दोन बैलांचा आठ पायांचा एकच प्राणी होतो. सबब रंगारी पलीकडच्या बैलाचे मुस्कट वीतभर पुढे काढतो आणि पायांचा गुंता धुळीत तसाच सोडतो, इतका की धुरकरी छकड्यावर बसला आहे की उडाला आहे हेही उमगत नाही. या शर्यतींवरची न्यायालयीन बंदी उठून २०२१ नंतर पट पुन्हा राजरोस भरू लागले खरे, पण आता फलकावर छायाचित्र येते. त्यात शिंगांचा रंगसुद्धा स्वच्छ दिसतो, वेग तेवढा दिसत नाही. कबड्डीच्या आयोजकांनी एखाद्या रंगाऱ्याला गाठून मध्यरेषेवरची पकड काढवून घ्यावी. त्याचा मोबदला पहिल्या बक्षिसाहून खचित कमी पडेल.